अजून थोडं मागे सरा

भाद्रपद निम्मा सरला की आमच्या शेताच्या बांधावर माणसं उगवायला लागतात. काही खर्डी स्टेशनावर उतरून रिक्षाने येतात, काही आपली गाडी घेऊन येतात. रस्त्याच्या कडेला गाडी लावतात आणि सगळे शेताकडे पाठ करून उभे राहतात. मला सुरुवातीला हे चमत्कारिक वाटायचं. एवढ्या लांबून जे बघायला आलात त्याच्याकडेच पाठ? मग कळलं, बघायचं ते घरी गेल्यावर. इथे ते फक्त मागे घ्यायचं असतं. त्यासाठी हात लांब करायचा, हात पुरला नाही की काठी लावायची, काठी पुरली नाही की फोन उलटा धरायचा. आणि एवढं करूनही डोंगराचं टोक कापलं गेलं तर "अजून मागे, अजून मागे" करत सरळ भातात शिरायचं. भात तेव्हा पोटरीला आलेलं असतं, कणीस आतल्या आत भरत असतं. परवा एक मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, काकू, ती वाळत घातलेली गोधडी जरा काढता का, बॅकग्राउंडला येतेय. मी काढली. भांडायला हल्ली अंगात जोर नसतो.

ती मंडळी गेल्यावर मी गोधडी परत दोरीवर टाकली आणि तिथेच पायरीवर बसून राहिले. "अजून मागे" हे दोन शब्द कानात पडले की मला दोन वर्षांपूर्वीचा भाद्रपद आठवतो. आठवतो म्हणणंही खरं नाही, तो अंगात येऊन बसतो. खांदा दुखायला लागतो. गालांना हसून हसून जो ताण आला होता तोही तसाच परत येतो.

फोटोत मागचं जास्तीत जास्त यायला हवं हे वेड आमच्या घरात फार आधीपासूनचं. आमचे हे कल्याणच्या पुढे एका कंपनीत होते. जन्मभर पास काढून जा-ये केली, आणि नोकरीतून सुटले तेव्हा मयुरीने, म्हणजे आमच्या एकुलत्या एका मुलीने, त्यांच्या हातात फोन दिला. यांचे हात लांब. कुठलीही फांदी यांच्या हाताला यायची, तशीच फोटोत कुठलीही गोष्ट यायची. म्हशाच्या जत्रेला गेलो तर यांना एका फोटोत बैलबाजार हवा, पाळणा हवा, देवळाचा कळस हवा आणि शिवाय घोंगड्यांची दुकानं. आम्हाला सरकवत सरकवत इतकं मागे न्यायचे की मागून कोणाचा तरी बैल माझा पदर हुंगायचा. घरी येऊन फोटो बघावा तर आमची तोंडं वाटाण्याएवढी. मी कुरकुरले की म्हणायचे, "माणसं काय गो, रोजची. मागचं येऊ दे." आमच्या संसाराच्या एवढ्या फोटोंत मी सगळीकडे आहे, पण मला शोधावी लागते.

या हौसेला मर्यादा होती ती एकच. आम्ही कधी लांब गेलो नाही. शहापूर, मुरबाड, माझं माहेर धसईकडचं म्हणून वर्षातून दोनदा तिकडे, संपला प्रवास. समुद्र मी दादरला एकदा पाहिला होता, तोही घाईत. मयुरी आमच्या मागे लागली होती. गावातलं भजनी मंडळ गणपतीनंतर गाडी करून चांगलं पंधरा दिवस दक्षिण कोकणात निघालं होतं, गणपतीपुळे, कुणकेश्वर, मग आंबोलीचा घाट आणि किनाऱ्यानेच परत. लावणी झालेली, कापणीला अवकाश, शेताला आमची गरज नव्हती. तिने आमची नावं परस्पर देऊन टाकली. वर बजावलं की रोज एक तरी फोटो पाठवायचा, मला पुण्यात बसून समुद्र बघायचाय.

पुण्यात ती परीक्षेसाठी होती. सरकारी अधिकारी व्हायचं होतं तिला. तिची ती शेवटची खेप होती, त्यानंतर वय बसत नव्हतं. आदल्या खेपेला मला टायफॉइडने आडवं केलं तेव्हा ती पेपर अर्धे टाकून धावत आली होती. माझ्या उशाशी बसून तांदळाची पेज भरवली आणि परीक्षेबद्दल चकार शब्द काढला नाही. यांनी मात्र ते मनाला लावून घेतलं होतं. आपल्या दुखण्यापायी पोरीचं वर्ष गेलं असं म्हणायचे. दुखणं माझं होतं, पण ते "आपल्या" म्हणायचे.

गौरी-गणपतीला मयुरी येऊन गेली. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे चहा प्यायला बसले आणि चहा ओठाच्या कडेने सदऱ्यावर सांडला. मी म्हटलं, लक्ष कुठाय? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला कळलं. तोंडाची डावी बाजू खाली आली होती. काही बोलले, ते मला समजलं नाही. शेजारचे दत्ताभाऊजी रिक्षा चालवतात, त्यांनी तशीच रिक्षा काढली. पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. कल्याणच्या हॉस्पिटलची हिरवी भिंत आठवते, आणि तिथल्या बाकावर बसल्याबसल्या लागणारी डुलकी. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, सौम्य झटका आहे, हातापायात ताकद येईल, तोंडही बरंचसं सरळ होईल. बरंचसं म्हणजे किती ते विचारायचं मला सुचलं नाही.

बोलता यायला लागलं तेव्हा यांचं पहिलं धड वाक्य हे होतं. "मयूला सांगायचं नाय." जीभ जड, शब्द चावल्यासारखे, पण हे वाक्य स्वच्छ. मी म्हटलं, ती मुलगी आहे आपली. यांनी डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "पेपर होऊ दे. मंग सांगू."

आता सांगायचं नाही हे बोलायला सोपं. ती रोज संध्याकाळी फोन करायची. आरत्या म्हणून बाबांचा घसा बसलाय, ही थाप हॉस्पिटलात असेपर्यंत चालली. पण घसा किती दिवस बसून राहणार? मग यांनीच वाट काढली. सहल. भजनी मंडळाची गाडी आमच्याविना निघून गेली होती, पण आपण त्या गाडीत आहोत असं मयुरीला वाटू द्यायचं. सहलीत माणसाला फोनवर बोलायला सवड नसते, रेंज नसते, गाडीत टाळ वाजत असतात. फोन फक्त मी घ्यायचा आणि दोन वाक्यांत ठेवायचा. तेवढ्यात सगळं झाकलं जात होतं. राहिला प्रश्न रोजच्या फोटोचा.

मी म्हटलं, नाही जमणार. हे खाटेवर पडून छताकडे बघत होते. म्हणाले, "धरणाचं पानी हाय ना आपल्याकडं."

आमचं वरकस, म्हणजे उताराची नाचणी-वरीची जमीन, थेट धरणाच्या पाण्यापर्यंत उतरतं. भाद्रपदात धरण काठोकाठ असतं आणि सकाळी पलीकडचा काठ धुक्यात जातो. नुसतं पाणी आणि पांढरं आभाळ. दत्ताभाऊजींनी रिक्षा जाईल तिथवर नेली. तिथून पुढे आम्ही दोघांनी यांना दोन्ही बाजूंनी धरून काठाला आणलं. मी नवीन लुगडं नेसले होते, यांना इस्त्रीचा शर्ट घातला होता. एवढं नटून आम्ही कधी वरकसात गेलो नव्हतो. गुरं राखणाऱ्या बाया आमच्याकडे बघत राहिल्या.

फोटो नेहमी हे काढायचे. फोन धरायचा तो डावा हात आता उठत नव्हता, आणि उजव्याने मला धरून उभं राहावं लागायचं. माझा हात आखूड, आणि दत्ताभाऊजींना काढायला सांगावं तर आमच्या हातचा फोटो नाही म्हणून मयुरीला शंका आली असती. जवळून काढावा तर यांचं वाकडं तोंड स्पष्ट दिसायचं. डावी बाजू माझ्यामागे लपवावी म्हणून मी सरकले, तर स्क्रीनवर भलतीच बाजू लपली, कारण पुढच्या कॅमेऱ्यात डावं-उजवं उलटं दिसतं. दोनचारदा असं झालं. आम्ही दोघं पाण्याच्या काठावर एकमेकांभोवती फिरत होतो आणि दत्ताभाऊजी बाजूला तोंड वळवून हसू दाबत होते. शेवटी मला सुचलं ते यांचंच तंत्र. मागचं भरपूर घ्यायचं. तोंडं वाटाण्याएवढी झाली की त्यात वाकडं काय आणि सरळ काय. मी हात होता नव्हता तेवढा ताणला, यांनी माझ्या खांद्याला धरलं, आणि फोटो निघाला. त्यात यांचा हात प्रेमाने ठेवल्यासारखा दिसत होता. खरं तर सगळा भार माझ्या खांद्यावर होता. अजून तो खांदा पावसाळ्यात बोलतो.

फोटो पाठवला. खाली लिहिलं, गणपतीपुळे. लाटा का नाहीत विचारलं तर काय सांगायचं, ही मला धास्ती. हे म्हणाले, भरती-ओहोटीच्या मधला टाइम हाय म्हण. मयुरीने ते विचारलंच नाही. बऱ्याच वेळाने तिचं उत्तर आलं. छान आहे, पण बॅकग्राउंड कमी आलंय, उद्या बाबांना अजून थोडं मागे सरायला सांग.

हे वाचून यांच्या चेहऱ्याची जी बाजू हसू शकत होती ती हसली. म्हणाले, "माझी पोरगी हाय ती."

मला मात्र रडू आलं. एक फोटो काढून मी गळून गेले होते आणि तिला उद्या जास्त मोठा समुद्र हवा होता. मनात आलं, या मुलीला आईबाप दिसत नाहीत, मागचं दिसतं. बापावर गेलीय. हा राग मी पुढे बरेच दिवस जपला. दमलेल्या माणसाला राग धरायला बरा असतो, त्याच्या जोरावर उठता येतं.

त्या दिवसांचा वास अजून नाकात आहे. मालिशच्या तेलाचा वास, ओल्या सतरंजीचा वास, आणि दारातून येणारा निसवत्या, म्हणजे कणसं बाहेर टाकणाऱ्या भाताचा तो गोडसर, किंचित दुधाळ वास, जो फक्त आठपंधरा दिवस असतो. एरवी या वासाने मला बरं वाटतं. त्या वर्षी तो घरात शिरला की मी म्हणायचे, तुला आत्ताच यायचं होतं? शेतात पोपट उतरायचे, त्यांना हाकलायला कोणी नव्हतं. मी घरातूनच ताट वाजवायचे. हे खाटेवरून उजव्या हाताने कॉटच्या लोखंडावर चमचा आपटायचे. पोपट आमचा दोघांचा अंदाज घेऊन निवांत खायचे.

हातात ताकद यावी म्हणून डॉक्टरांनी काहीतरी दाबत राहायला सांगितलं होतं. मी परातीत भाकरीचं पीठ घेऊन यांच्या पुढ्यात ठेवलं. तांदळाचं पीठ, गरम पाण्यात उकड काढलेलं. जन्मात ज्याने परातीला हात लावला नव्हता तो माणूस डाव्या हाताने पीठ मळायला बसला. पहिल्यांदा बोटं नुसती पिठावर पडून राहायची. मग खड्डे पडायला लागले. त्या पिठाच्या भाकऱ्या कडेला फाटायच्या. हे खाता खाता म्हणायचे, आज जरा बरी झाली. मी म्हणायचे, हो. दोघंही खोटं बोलायला चांगले सरावलो होतो.

मधले काही दिवस आम्ही धसईला माझ्या भावाकडे होतो, कारण व्यायाम शिकवणारा एक जण मुरबाडहून तिथे यायचा. भावाच्या घरामागून डोंगर सरळ उभा चढतो आणि त्याच्या अंगावरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरतात. आम्ही तोच आंबोली घाट म्हणून पाठवला. माझी वहिनी फोटोच्या बाहेर उभी राहून कोंबड्या हाकत होती, कारण सहलीच्या फोटोत कोंबड्या कशा येतील? मयुरीचं उत्तर तेच. डोंगर पूर्ण येत नाहीये, बाबा अजून मागे सरले तर येईल.

आता जरा विचार करा, मागे सरायचं म्हणजे काय. मी पुढे, फोन माझ्या हातात. हे मागे. जोवर यांचा हात माझ्या खांद्यावर तोवर ठीक. पण मागचं जास्त यायचं तर मी खाली बसायला हवं आणि यांनी माझ्यापासून लांब जायला हवं. पहिल्या दिवशी खांद्यावरचा तळवा सुटून नुसती बोटं राहिली. मग बोटंही सुटली आणि काठी आली. काठी फोटोत दिसून चालणार नव्हती, म्हणून हे ती पायामागे उभी धरायचे. रोज पोरीची मागणी यायची आणि रोज हे थोडं लांब जायचे. व्यायाम शिकवणारा सांगून थकला होता तेव्हा हे भिंत सोडत नव्हते. फोटोत डोंगर पूर्ण यावा म्हणून मात्र सोडत होते. मला त्याचं कौतुक वाटायला हवं होतं. मला फक्त भीती वाटायची की हे पडतील आणि मी फोन धरून बसलेली असेन.

तेव्हा तिचे पेपर सुरू झाले होते. एकेका पेपरच्या दिवशी हे सकाळीच आंघोळ उरकायचे. देवापुढे बसायचे नाहीत, त्यांचा तो स्वभाव नाही, पण घड्याळाकडे तोंड करून बसायचे. पेपर सुटायच्या वेळेला म्हणायचे, सुटला. मी विचारायचे, कसा गेला असेल? त्यावर हे परात मागायचे.

शेवटच्या पेपरच्या सकाळी आम्ही परत आमच्या वरकसात होतो. आदल्या संध्याकाळी तिने लिहिलं होतं, उद्या सकाळी निघायच्या आधी एक फोटो हवाच, आणि समुद्र अख्खा हवा. धुकं होतं. हस्ताचा पाऊस रात्रीच पडून गेलेला, माती पायाखाली सुटत होती. मी दगडावर बसले आणि फोन वर धरला. यांनी काठी दत्ताभाऊजींच्या हातात दिली. मी म्हटलं, असू दे काठी. हे म्हणाले, "आडवी येते फोटोत." आणि मागे जायला लागले.

मी मान वळवली नाही. मान वळवली असती तर मी उठले असते. मी स्क्रीनमध्ये बघत होते. त्यात माझं मोठं, घामेजलेलं तोंड आणि त्याच्यामागे हे लहान लहान होत चाललेले. उजवा पाय मागे, मग डावा, मध्ये बराच वेळ काहीच नाही. एकदा खांदा पार खाली झुकला. मग ते सरळ झाले. पाण्यापर्यंत पोचले, दोन्ही हात बाजूला सोडून उभे राहिले. गुडघे, पाय, पायातल्या वहाणा, सगळं स्क्रीनमध्ये आलं. मी बोट दाबलं. फोटोत मी हसलेली नाही, आणि तो फोटो मी तसाच पाठवला. तिने त्यावर काहीच लिहिलं नाही. पेपरला गेली असेल असं आम्ही म्हटलं.

यादी लागली तेव्हा मयुरीचं नाव त्यात नव्हतं. हे मी इथेच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना कोणी आशा धरून बसायला नको. थोडक्यात गेलं. सध्या ती शहापूरला एका क्लासमध्ये शिकवते, तिला त्या कामात रस आहे की नाही हे मी विचारत नाही. यांचं तोंड बरंचसं सरळ झालं. बरंचसं म्हणजे किती ते आता मला माहीत आहे. चहा अजून सांडतो, कधी कधी. वरकसात जातात, काठी घेऊन, पण झाडावर चढणं बंद झालं. या वर्षी भजनी मंडळ परत निघालंय. यांचं जायचं चाललंय. मला विचाराल तर मला समुद्र नको आणि आंबोलीही नको, मला दोन दिवस कोणी उठवू नये एवढंच हवं. पण ते बोलायचं नसतं.

खरी सांगायची राहिली ती एक संध्याकाळ. शेवटच्या पेपरनंतरच्या दुसऱ्या दिवसाची. आम्ही ठरवलं होतं की रविवारी तिला निवांत फोन करून सगळं सांगायचं. त्याआधीच ती दारात उभी. खांद्याला सॅक, केस विस्कटलेले, कळवलं नाही काही नाही. हे पडवीत खाटेवर बसून पीठ मळत होते, हात पिठाने भरलेले, काठी भिंतीला. लपवायला वेळच नव्हता. मी पुढे झाले आणि काहीतरी बोलायला लागले, काय ते आठवत नाही, बहुतेक सहल लवकर आटोपली असं काहीसं. ती माझ्या बाजूने निघून गेली, पाय धुतले, लहानपणी पुसायची तसे माझ्याच पदराला हात पुसले आणि यांच्यापुढे जमिनीवर बसली.

फोन काढून तिने पहिला फोटो समोर धरला. आमचं गणपतीपुळे. मग दोन बोटांनी कडेचा भाग मोठा करत नेला. तिथे, पाण्याच्या अगदी कडेला, एक ऐनाचं झाड उभं होतं. राबासाठी, म्हणजे रोपाच्या वाफ्यावर जाळायला, आम्ही दरवर्षी ऐनाच्या फांद्या छाटतो. सगळे गाव छाटतात. झाडाचा नुसता खांब उरतो आणि पावसात त्या खांबाला पानांचे झुबके फुटतात. पण हे शेंड्याची एक फांदी कायम ठेवतात. झाडाच्या डोक्यावर पण सावली पायजे, असं त्यांचं म्हणणं. अख्ख्या पंचक्रोशीत टोपी घातलेले ऐन फक्त आमच्या वरकसात आहेत. ते झाड आम्ही दोघांनीही फोटोत बघितलं होतं आणि आम्हाला ते दिसलं नव्हतं. रोजचं होतं ना.

"शेंडा ठेवून दुसरं कोन छाटतं, बाबा?" ती म्हणाली. "मला पहिल्याच दिवशी कळलं तुमी घरी हाय."

मग तिने जे सांगितलं ते मी इथे नीट सांगते, कारण ती सांगत होती तेव्हा तिचा आवाज एका जागी राहत नव्हता. घरी असून समुद्रावर आहोत असं सांगतायत म्हणजे काहीतरी झालंय, हे तिला समजलं. फोटो मोठा केल्यावर बाबांचं तोंड दिसलं, खांद्यावरची बोटं कशी घट्ट आहेत तेही दिसलं. तिने सॅक भरली होती. मग खाली बसली. आपण गेलो तर बाबा स्वतःला कधीच माफ करणार नाहीत, हे तिला माहीत होतं. आणि नाही गेलो तर आपण स्वतःला. शेवटी ती गेली नाही. पण आमच्यावर रागावली, अजूनही आहे. मी तुमची कोण, असं तिने मला विचारलं, आणि मी म्हटलं, तुझ्यासाठीच केलं. तिने मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही.

"अजून मागे, अजून मागे मी लिवत होते ते समुद्रासाठी नव्हतं," ती यांना म्हणाली. "तुमचे पाय दिसत नव्हते."

 मी जिचा राग जपला होता ती मुलगी समोर बसली होती, आणि तो राग ठेवायला आता मला जागा नव्हती. मी नुसती दाराला टेकून उभी राहिले. हे पिठाचे हात परातीवर धरून बसले होते. डावा डोळा तेव्हा नीट मिटत नसे, त्यातून पाणी यायचंच, म्हणून ते रडत होते की नाही हे मी ठरवू शकले नाही. त्यांनी शब्द जुळवले. त्यांना विचारायचं होतं तेच त्यांनी विचारलं.

"पेपर कसे गेले?"

"पहिले नाय चांगले गेले," ती म्हणाली. मग तिने त्यांचा पिठाने भरलेला हात हातात घेतला. "शेवटचा चांगला गेला. त्या सकाळी तुमी कायबी धरलं नव्हतं."